इथं ऋचा कुणी राहत नाही

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सकाळपासून हाका मारल्या आणि मी एकाही हाकेला ओ दिली नाही. यात भांडण नव्हतं. उलट आम्हा दोघांचाही दिवस फार मजेत गेला.

ते मला रेणू म्हणत नव्हते, एवढंच. ते ऋचा म्हणत होते.

"ऋचा, पेपर आला का?"

मी भाजी चिरत राहिले.

"ऋचा, अगं गॅसवर काय ठेवलंयस? वास येतोय."

"इथं ऋचा कुणी राहत नाही," मी स्वयंपाकघरातून सांगितलं. "हे बिरादारांचं घर आहे. आपण पत्ता चुकलात."

"मग वास कुणाचा येतोय?"

"वांग्याचा. पण तो बिरादारांच्या वांग्याचा आहे."

या सगळ्या सरावामागे अमेरिकेचं सरकार होतं.

माझा नवरा प्रथमेश शितोळे ओहायो राज्यात राहतो आणि तिथला नागरिक आहे. तिथल्या नागरिकाला आपली परदेशी बायको कायमची तिकडं न्यायची असेल, तर त्यानं तिच्यासाठी अर्ज करायचा असतो. ती परदेशी बायको म्हणजे मी. तारनाक्यातल्या ज्या फ्लॅटमध्ये मी लहानाची मोठी झाले, ज्याच्या दाराच्या चौकटीवर माझी उंची दरवर्षी पेन्सिलीनं मोजलेली आहे, त्याच फ्लॅटमध्ये बसून मी परदेशी झाले होते. त्यासाठी मला उंबरासुद्धा ओलांडावा लागला नाही. ज्यांना प्रवासाची दगदग सोसत नाही त्यांनी या सोयीचा जरूर विचार करावा.

घोटाळा झाला तो तांदळामुळे. लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, प्रथमेशच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि त्या तांदळात माझं नवं नाव कोरून घेतलं. ऋचा. पेढे वाटले गेले. "अगं, हौस असते," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "नंतर कोण विचारतंय?" आणि खरंच कुणी विचारलं नाही. प्रथमेश मला रेणूच म्हणतो. सासूबाईही रेणूच म्हणतात. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या खिचडीत गेले, म्हणजे ऋचाला आम्ही सगळ्यांनी मिळून खाऊन टाकलं होतं. विषय तिथं संपायला हवा होता.

पण आमचे बाबा, हणमंतराव बिरादार, रेल्वेतले. लग्नाची नोंदणी करायला आम्ही कचेरीत गेलो तेव्हा कारकुनानं वधूचं नाव विचारलं आणि बाबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "ऋचा." काल चारशे माणसांसमोर बदललेलं नाव आज सरकारी माणसाला जुनं सांगायचं, ही त्यांच्या लेखी खोटी नोंद होती. पुरावा म्हणून त्यांनी सासूबाईंनी छापलेली स्वागत समारंभाची पत्रिका पुढं केली. तीत ऋचाच होतं. कारकुनानं ते टाइप केलं आणि मी सही केली. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझा सगळा जन्म वाचण्यात गेला, तेवढं एक पान वाचायचं राहिलं.

पुढं प्रथमेशचा अर्ज मंजूर झाला आणि कागद तपासणाऱ्या तिकडच्या कार्यालयाला प्रश्न पडला. जन्माच्या दाखल्यावर रेणू. पासपोर्टवर रेणू. लग्नाच्या दाखल्यावर ऋचा. म्हणजे या गृहस्थानं लग्न एकीशी केलंय आणि बोलावतोय दुसरीला. त्यांनी अतिशय सभ्य भाषेत कळवलं, की या दोन स्त्रिया एकच असल्याचं सिद्ध होईपर्यंत फाइल मुलाखतीला जाणार नाही. त्या पत्राचा सरळ अर्थ एवढाच होता, की ऋचा कुठं आहे?

प्रथमेशनं लावलेल्या वकीलबाईंनी उपाय सांगितला. मला जन्मापासून ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांनी नोटरीसमोर शपथेवर लिहून द्यायचं, की रेणू आणि ऋचा एकच. आई आधीच गेली होती. राहिले बाबा. त्यांना इतका आनंद झाला, की निवृत्तीनंतर प्रथमच त्यांनी बुटांना पॉलिश केलं. नोटरी उलटतपासणी घेणार अशी त्यांची ठाम समजूत होती, म्हणून ते ऋचा या नावाचा सराव करत होते. आम्हाला दुसऱ्याच दिवशी जायचं होतं.

हाक मारण्याच्या बाबतीत बाबांशी स्पर्धा करणं कठीण होतं. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गेली. कंट्रोलर खोलीत बसतो आणि फोनवरून एकेका स्टेशनला हाक मारतो. मौला अली... मौला अली... मौला अली... स्टेशनातला माणूस उत्तर देईपर्यंत. आवाज चढवायचा नाही, चिडायचं नाही आणि थांबायचं नाही, कारण उत्तर आल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. घरीही त्यांचं तेच. ते उठून शोधायला येत नसत. बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीतून त्याच पट्टीत, तेवढ्याच अंतरानं हाक येत राहायची. आई म्हणायची, हे घर आहे की बीबीनगर स्टेशन?

त्या दिवशीही दुपारच्या चहाला हाक सुरू झाली. ऋचा... ऋचा... ऋचा. मी चहा गाळला, गप्प जाऊन त्यांच्यापुढं ठेवला आणि शेजारच्या खुर्चीवर बसले.

"ओ दिली नाहीस."

"चहा रेणूनं आणलाय. ऋचाला वेळ लागेल, तिचा व्हिसा व्हायचाय."

ते इतके हसले, की चहा बशीत सांडला. मग बशीतला चहा पिता पिता म्हणाले, "तू एकदा तोंडानं म्हण बघू."

"काय?"

"मला जायचंय, असं. प्रथमेश म्हणतोय, वकीलबाई म्हणतेय, एवढे सगळे कागद म्हणतायत. तू म्हटलेलं मी ऐकलं नाही अजून."

"बघू."

"बघू हे उत्तर कंट्रोलमध्ये धरत नाहीत."

"बघू हो, बाबा."

मला जायचं होतं. प्रथमेशसोबत एका घरात राहायचं होतं. रोज फोनच्या काचेवर बोट ठेवून त्याच्याशी बोलायचा मला कंटाळा आला होता. पण बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या, आणि आई गेल्यापासून दुसरीवर मी बसत होते. त्या खुर्चीवर बसून ते वाक्य म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे युनिव्हर्सिटीच्या आवारात फिरायला गेले, एका बाकावर बसले आणि उठले नाहीत. पायात पॉलिश केलेले बूट होते. खिशात नोटरीला दाखवायचं आधार कार्ड होतं.

प्रथमेश आला, राहिला, रजा संपल्यावर परत गेला. नातेवाईक आले, गेले. घर अशा काही शांततेत पडलं, की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायची.

अशा एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या सत्यवती गारू खाली आल्या. गारू म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा ताई समजा, त्यात थोडा दरारा मिसळून. मी जन्मले तेव्हापासून त्या आमच्या डोक्यावर राहतात. दुपारी जेवल्यापासून दिवे लागेपर्यंतची झोप हा त्यांचा धर्म आहे आणि तो त्या कडकपणे पाळतात. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"रेणू अम्मा, बुरा नको मानू. ये ऋचा एवरु? कौन है ये लडकी?"

मला वाटलं, त्यांच्याकडे चुकून एखादं टपाल गेलं असेल. "का हो?"

"मी नान्नगारु रोज पिलुस्तुन्नारु."

तुमचे वडील रोज हाक मारत आहेत, असं त्या म्हणत होत्या. मी तेलुगू बरी जाणते. वर्तमानकाळ होता.

"रोज चाय के टाइम पे. ऋचा, ऋचा, ऋचा. कोई जवाब देताच नहीं. मेरी नींद खराब होती अम्मा. तुम जवाब दे दो, वो चुप हो जाते."

"गारू," मी म्हटलं, "बाबा गेले. तेराव्याला तुम्हीच चिंचेचा पुलिहोरा भात करून पाठवला होतात."

"वो मालूम है ना," त्या किंचित दुखावून म्हणाल्या. "मैं उनकी बात नहीं कर री. आवाज की बात कर री."

त्या घाबरलेल्या नव्हत्या. वैतागलेल्या होत्या. वरच्या नळाची टपटप सांगावी तशी त्यांनी तक्रार सांगितली आणि जिना चढून गेल्या. मी दाराला कडी लावली. मग ती काढली. कडी लावून नक्की कुणाला बाहेर ठेवायचं होतं, ते मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या वेळी बाल्कनीत जाऊन बसले. कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या, हमरस्त्यावरच्या बसचा हॉर्न ऐकला, लालागुड्याकडून गेलेली एक गाडी ऐकली. वरून गारूंचं डोकं कठड्याबाहेर आलं.

"सुने?"

"नाही."

"अरे, अब्बीच तो बोले!"

मला फार अपमान वाटला. वडील माझे, चहाची वेळ आमची, नाव निदान कागदोपत्री माझं, आणि हाक ऐकू जाणार वरच्या मजल्याला! जिला आयुष्यभर आम्ही पाण्याच्या मोटरीवरून वचकून राहिलो तिला! मी समोरच्या रंजनाकाकूंचं दार वाजवलं. काकू म्हणजे आईची जुनी मैत्रीण. माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यात डबा पोचवणाऱ्या. नोकरीभर कोर्टात टायपिस्ट होत्या. इतरांच्या शपथा टाइप करता करता त्यांना स्वतःला खोटं बोलण्याची सवयच राहिलेली नाही.

"काकू, तुम्हाला बाबांचा काही..."

"येतो," काकू म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यापासून. मी बोलले नाही. म्हटलं, तू मुद्दाम ओ देत नाहीस, तुमचा तो खेळच होता. घरच्या गोष्टीत आपण कशाला पडा."

तिथून सल्ल्यांना ऊत आला. गारूंनी कुणाला तरी सांगितलं, त्यानं सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. कुकटपल्लीहून माझी मावसबहीण प्रणिता आली आणि तिनं बाल्कनीत दहीभात ठेवला. तो पारव्यांनी खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही वेळा जेवायला येऊ लागले. तळमजल्यावरच्या इंजिनिअरनं हा पाइपांमधल्या हवेचा आवाज असल्याचं सिद्ध केलं, पण पाइपांतली हवा नेमकं ऋचा का म्हणते यावर त्याचा अभ्यास अपुरा पडला. कुणी म्हणालं, खुर्ची विकून टाका. कुणी म्हणालं, खुर्ची मुळीच विकू नका, नाहीतर ते उभे राहतील. शेवटी सेक्रेटरीनं गटावर सूचना काढली, की इतर रहिवाशांच्या विश्रांतीचा विचार करून सर्वांनी आपापल्या घरच्या हाकेला वेळेवर उत्तर द्यावं. त्याखाली एकोणीस अंगठे उमटले.

प्रथमेशला मी हे सांगितलं नव्हतं. तो यंत्रांच्या दुनियेत राहतो. एका दुपारी, म्हणजे त्याच्या पहाटे, आम्ही व्हिडिओवर बोलत होतो. फोन मी ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, शेजारी गॅसवर चहा होता. वकीलबाईंना उत्तर लवकर हवंय, शपथपत्रासाठी आता दुसरं कोण आहे, असं काहीसं तो विचारत होता. मध्येच थांबून म्हणाला, "अगं, बाबा हाक मारतायत. जाऊन ये आधी, मी थांबतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. चहा उतू गेला. तिकडं त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरताना मला दिसला.

"रेणू," तो म्हणाला, "मी आत्ता काय म्हणालो?"

"काय हाक मारली त्यांनी?"

त्यानं कानातला हेडफोन काढून हातात घेतला. मग म्हणाला, "तुझं तांदळातलं नाव."

तेरा हजार किलोमीटरवर ओहायोत हाक ऐकू गेली. मी गॅसपाशी उभी होते, बाल्कनीपासून चार पावलांवर, आणि मला दूध जळाल्याचा वास तेवढा आला.

मी ठरवलं, की माणसानं एका वेळी एकच संकट हाताळावं. आधी शपथपत्र. मला जन्मापासून ओळखणाऱ्या दोन व्यक्ती एकाच जिन्यावर राहत होत्या. मी रंजनाकाकूंना आणि सत्यवती गारूंना रिक्षात घातलं आणि विद्यानगरच्या नोटरीकडे नेलं. दिलीप राव नावाचे हे नोटरी एका झेरॉक्सच्या दुकानाच्या मागं, मशीनच्या उबेत बसतात. त्यांनी मजकूर वाचला, शिक्का हातात घेतला आणि पेन काकूंच्या पुढं केलं.

काकूंनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सगळं वाचलं. मग पेन खाली ठेवलं.

"रेणूला मी जन्मापासून ओळखते, इथवर बरोबर आहे. पुढचं मी लिहून देऊ शकत नाही."

"काकू!"

"ओरडू नकोस. पुढं लिहिलंय, सदर रेणू हीच ऋचा या नावानेही ओळखली जाते. कोण ओळखतं? तांदळात नाव लिहिलं तेव्हा मी पंगतीत वाढत होते. ऋचा म्हटल्यावर तू ओ दिलेली मी एकदाही ऐकलेली नाही. उलट जे ऐकलंय ते असं, की इथं ऋचा कुणी राहत नाही. भिंती पातळ आहेत गं आपल्या."

"ती थट्टा होती."

"शपथेत थट्टा अशी वेगळी काढून ठेवता येत नाही."

"अम्मा, साइन मारो ना," नोटरी कळवळून म्हणाले. "पूरा शहर मारता."

"म्हणूनच मी मारत नाही," काकू म्हणाल्या.

मी आशेनं गारूंकडे पाहिलं. गारूंनीही हात पदराखाली घेतले. "मैं भी नै सुनी अम्मा. बुलाने वाले को सुनी. जवाब देने वाली को नै सुनी."

आम्ही तिघी एकाच रिक्षातून परत आलो. मधे सिग्नलला काकूंनी मला पर्समधली खडीसाखर दिली. ती मी घेतली, पण रागानं चावून खाल्ली.

घरी पोचले तर वॉचमननं सांगितलं, की पोलिसांचा माणूस येऊन गेला. व्हिसासाठी पोलिसांचा दाखलाही लागतो. त्यासाठी साध्या कपड्यातला माणूस घरी येऊन चौकशी करतो. अर्जात मी प्रामाणिकपणे दुसरं नावही लिहिलं होतं, तेव्हा ही चौकशी जड जाणार हे मी धरूनच चालले होते. वॉचमनकडे तो नंबर ठेवून गेला होता, त्यावर मी फोन लावला.

"टेन्शन नको मॅडम," तो खुशीत म्हणाला. "काम हो गया. आपके अब्बा मिले ना. बहुत शरीफ आदमी. मैं पूछा, ये रेणू और ऋचा एकीच हैं क्या? बोले, एकीच है. मैं रिपोर्ट चढा दिया. खाली एक आपकी दस्तखत होना, कल आके ले लेतूं."

मी विचारलं, "दार कुणी उघडलं?"

"दरवाजा तो खुल्लाच था. वो बाल्कनी में बैठे थे, कुर्सी पे. आपको आवाज भी दिए दो-तीन बार. मैं बोला, रहने दो चचा, बाहर गए होंगे. तो बोले, नहीं, घर मेंच है, जवाब नहीं देती."

जाताना मी कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या मुठीत होती. ती इतकी घट्ट धरली होती, की तिचे दाते संध्याकाळपर्यंत तळहातावर उमटून राहिले.

दुसऱ्या दिवशी तो आला. तरुण, हसरा, हातात फाइल. बैठकीत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीकडे बघून थांबला. तिथं बाबांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. त्यानं फोटो पाहिला. मग बाल्कनीतली खुर्ची पाहिली. मग परत फोटो.

"ये... चचा..."

"गेले. तुम्ही यायच्या बरंच आधी."

तो खाली बसला. मी पाणी दिलं. ते तो प्यायला, मग माझ्यासाठी आणलेलंही प्यायला. माझ्याजवळ महानगरपालिकेचा मृत्यूचा दाखला होता. त्याच्याजवळ अर्जदाराचे वडील घरी भेटल्याचा पोलिसी अहवाल होता. दोन्हीही सरकारी होते, दोन्हीवर शिक्के होते. एक मानला तर दुसरा खोटा पडत होता. दोन्ही मानले तर... ते आम्ही दोघंही मोठ्यानं बोललो नाही.

"मैं काट देतूं मॅडम," तो अखेर म्हणाला. "पडोसियों से पूछा, लिख देतूं." सही घेऊन तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या आणि वळला. बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "एक बात बोलूं? बुरा मत मानो. जवाब दे देना था. बडे आदमी हैं. कब तक आवाज देते बैठेंगे?"

दार लावून मी तिथंच उभी राहिले. सेक्रेटरी, वरचा मजला, समोरचं दार, नवरा, आता पोलीस खातं, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. मीच तेवढी बहिरी होते, आणि कंट्रोलमधला माणूस त्याच्या पट्टीत, न चिडता, हाक मारत राहिला होता.

मी रंजनाकाकूंकडे गेले. "काकू, ऋचा म्हटल्यावर मी ओ दिलेली तुम्ही कानांनी ऐकलीत, तर सही कराल?"

"एका पायावर."

"आणि गारू?"

"तिला झोपायचंय. ती दोन सह्या करील."

मग त्या दुपारी दोघी आमच्याकडे आल्या. गारूंनी आपली झोप मोडली होती, हे त्यांनी आल्या आल्या दोनदा सांगितलं. काकू कोर्टात नेसायच्या तशी इस्त्रीची सुती साडी नेसून आल्या होत्या. दोघी बैठकीत, बाल्कनीच्या दाराकडे तोंड करून, सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या. लग्नाची बोलणी करायला आल्यासारख्या दिसत होत्या. मला हसू आलं.

मी दोन कप चहा केला. एक त्यांच्या खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवला, बशीसकट. दुसरा हातात घेऊन माझ्या खुर्चीवर बसले. पारवे कठड्यावर रांगेनं बसले होते. तेही आज जेवण मागत नव्हते.

स्टुलावरच्या चहाची वाफ सरळ वर जात होती.

"हां," गारू हळूच म्हणाल्या.

मी मागं वळून पाहिलं. काकूंनी मान हलवली. "मारली."

मला खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू आला. बाकी काही नाही.

"दुसरी," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "चिडलेले नाहीत गं. नेहमीसारखीच."

मला एकदम वाटलं, की मी ओ दिली की हे बंद होईल. गारू झोपतील, काकू सही करतील, फाइल पुढं जाईल, आणि या बाल्कनीत माझ्या नावानं कुणी हाक मारणार नाही. मला ऐकू येत नसली तरी हाक होती. उत्तर आलं, की गाडी सुटते आणि कंट्रोलर पुढच्या स्टेशनकडे वळतो. मी चहाचा कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

काकूंनी यावेळी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. स्टुलावरची वाफ जरा वाकडी झाली आणि शेजारची वेताची खुर्ची करकरली, कुणी नीट ऐकू यावं म्हणून पुढं झुकावं तशी.

"ओ, बाबा," मी म्हटलं. "मला जायचंय."